सरड्याचं लाल डोकं आणि यात्रेतली हत्थाजोडी

रावेरकडच्या एका पोराने तीन प्रश्न पाठवलेत, बीएस्सी झूलॉजीला आहे, घरची केळी आहे. पहिला असा की बागेच्या कुंपणावर पावसाच्या तोंडावर एक सरडा डोकं लालभडक करून जोर मारत बसतो, आजी म्हणते "त्याना आंगे नको जाऊ, रगत पी लेस तो", तर खरं काय. दुसरा, पुस्तकात वाचलं की सरड्याला आणि घोरपडीला नराचं इंद्रिय एक नसून दोन असतात, ते कशाला. आणि तिसरा, काकांनी एका यात्रेतून हत्थाजोडी आणलीय, शेंदूर लावून डबीत ठेवलीय, विकणारा म्हणाला दुर्मिळ झाडाचं मूळ आहे, पण एक मित्र म्हणतो ते घोरपडीचं काहीतरी आहे.

तिसऱ्याचं उत्तर आधी एका ओळीत, कारण ते कायद्याचं आहे. मित्र बरोबर बोलतोय, सविस्तर खाली येतो. पण गंमत बघ ना भो, तुला वाटतंय तू तीन वेगळे प्रश्न विचारलेस आणि तिघांचं मूळ एकच आहे, नराला मादी मिळवायची असते, दुसऱ्या नराला हटवायचं असतं, आणि मादी मिळाल्यावरसुद्धा खेळ संपत नाही. याला लैंगिक निवड म्हणतात. परीक्षेत आपण दोन ओळी लिहितो, एक, नर भांडतात, दोन, मादी निवडते, आणि पाच मार्क घेऊन बाहेर पडतो. त्याच्या पुढचंच खरं मजेशीर आहे आणि तेच सहसा कुणी शिकवत नाही, कारण वर्गात लाज वाटते.

आधी रक्ताचं. सरडा रक्त पीत नाही. मुंग्या, टोळ, अळ्या, भुंगेरे, कधी एखादं छोटं पिल्लू, असं खातो. डोकं आणि गळा लाल होतो तो रंगाचा खेळ आहे, त्वचेतल्या रंगपेशींचा, आणि तोही फक्त नराचा, फक्त विणीच्या दिवसांत. आपल्याकडे एप्रिल-मे पासून सुरू होऊन पावसाळाभर चालतं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग उठतात, गाल फुगलेले दिसतात, पाठीवरची काट्यांची ओळ ताठ. मादी मात्र भुरकट, तिला अंडी घालायला ओल्या मातीत खड्डा करून बराच वेळ उघड्यावर बसावं लागतं, तिला भडक रंग परवडणारच नाही. आणि एक बघितलंय का, लाल सरडा हातात धरला किंवा दुसऱ्या नराकडून हरला की काही वेळातच रंग उतरतो. म्हणजे हा अंगाला लावलेला पेंट नाही, हार्मोन आणि मज्जासंस्था दोघांच्या ताब्यातला सिग्नल आहे. (तू ज्याला पुस्तकात कॅलोटिस व्हर्सिकलर म्हणून शिकतोस त्या एका नावाखाली अनेक जाती लपल्यात असं २०२१ मध्ये दाखवून झालंय, पण आपल्या गप्पांना त्याने फरक पडत नाही.)

जोर मारणं म्हणजे सरळ भाषेत "हे कुंपण माझं". आपली म्हण आहे सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती टोमणा म्हणून वापरतो आपण, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकदम बरोबर आहे, विणीच्या दिवसांत नराची धाव खरंच त्याच्या हद्दीपर्यंतच असते आणि त्या हद्दीसाठी तो जीव पणाला लावतो. उंच खांब, बाभळीची फांदी, पंपहाऊसची भिंत, अशी जागा पकडतो की चारी बाजूंनी दिसला पाहिजे. दुसरा नर दिसला की आधी डोकं खालीवर, मग जोर, मग गळा फुगवून आडवा उभा राहतो म्हणजे शरीर मोठं दिसावं, आणि बहुतेक वेळा एवढ्यावरच एक जण पळतो. चावाचावी शेवटची पायरी. कारण भांडण महाग असतं, जबडा मोडू शकतो, वेळ जातो, आणि खांबावर दोघे गुंतलेले असताना खाटीक पक्षी किंवा शिक्रा येऊन एकाला उचलून नेतो. म्हणून आधी सिग्नल, मग मारामारी.

इथे पोरं नेहमी एक प्रश्न विचारतात, सर, मग रंग खोटा का नाही दाखवत, कमजोर नराने पण लाल व्हायचं. तर रंग फुकट नसतो. लाल दिसलास की शिकारी पक्ष्याला पण दिसलास, दिवसभर उंचावर बसून जोर मारलेस तर खायला वेळ कमी, अंगात जोर नसेल तर चार दिवसांत उघडा पडशील. परवडतं त्यालाच दाखवता येतं, म्हणून मादीने त्यावर विश्वास ठेवला तर तिचं फारसं चुकत नाही.

याचं भारी उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. माळरानावर गळ्याला पंखा असलेला सरडा असतो, नर दगडावर चढून गळ्याची घडी फटकन उघडतो आणि मिटतो. डार्विनने १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये या गटातल्या सिटाना सरड्याचा उल्लेख केलाय, की पंख्यासारखी घडी होणारी गळ्याची पिशवी फक्त नराला असते, निळी काळी लाल, आणि हे रंग फक्त जोडीच्या हंगामात दिसतात. २०१६ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी या गटातून सराडा नावाची नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली, त्यातल्या एका जातीला डार्विनचंच नाव दिलं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर यातला सराडा सुपर्बा राहतो, आणि तिथे पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे वगैरे मंडळींनी तिथे काम केलं ते २०१८ ला छापून आलं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी झाले, कापशी, तिसा असले पक्षी, त्यामुळे सरडे वाढले. आता तुला वाटेल शत्रू गेला म्हणजे नर अजून भडक होतील. झालं उलटं, तिथल्या नरांच्या गळ्याचा रंग फिका निघाला. गर्दी वाढली, खाणं वाटलं गेलं, अंग बारीक झालं, रंगावर खर्च करायला उरलं नाही. शत्रू गेला तरी पोटाचा प्रश्न राहतोच. हे वाचल्यापासून मी आपल्या साक्रीकडच्या, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांकडे वेगळ्या नजरेने बघतो, तिथे गळपंखेवाले सरडे नीट कुणीतरी मोजायला पाहिजेत, तुझ्यासारख्या पोराला एमएस्सीचं डिझर्टेशन होईल हे.

दक्षिणेत खडकांवर राहणारा एक अगामा सरडा आहे, त्याचा नर तर मादीसमोर वेगळे रंग आणि दुसऱ्या नरासमोर वेगळे रंग दाखवतो, तेही काही सेकंदांत बदलून. मादी असेल तर पाठ लालसर आणि बाजू काळ्या, नर असेल तर पाठ पिवळी आणि बाजू केशरी. म्हणजे प्रेक्षक बघून पाटी बदलतो. आपल्याकडे माणसाला सरड्यासारखे रंग बदलतो म्हणतात तेव्हा शिवी असते, सरड्याच्या बाजूने बघितलं तर ते चांगलं कम्युनिकेशन आहे.

बरं, रंग सगळेच वापरतात असं नाही. आपल्या घरातली पाल घे. रात्री हिंडणारी, रंगाचा काय उपयोग, म्हणून आवाज आणि वास. पाल चुकचुकली की घरचे म्हणतात खरं आहे बघ, किंवा कुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, पण बऱ्याच वेळा तो हद्दीचा आवाज असतो, दुसऱ्या पालीला ऐकवलेला. आणि नर पाल उलटी केलीस (काचेवर बसली असेल तर खालूनच दिसतं, धरायची गरज नाही) तर मांडीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग दिसते, त्यातून मेणासारखा पदार्थ येतो, तो जिथे घासतो तिथे त्याचा वास राहतो. मादीला त्यावरून कळतं कोण आहे, किती तब्येतीचा आहे. तुमच्या केळीच्या पाल्याखाली सापसुळी असते ना, चकचकीत अंगाची, तिच्यातला मोठा नर विणीच्या काळात बगलेपासून बाजूने लालसर होतो, तेही फक्त त्याच दिवसांत.

घोरपडीला रंगाचा फार सोस नाही, ती कुस्ती खेळते. दोन नर मागच्या पायांवर उभे राहतात, पुढच्या पायांनी मिठी मारतात आणि एकमेकाला आडवं पाडायला बघतात. हे बघून गावात लोक म्हणतात जोडा लागलाय. जोडा नाही, दोघेही नर. धामणींचं पण तेच, दोन धामणी पिळा घालून उभ्या राहिल्या की लोक त्यांच्यावर कोरं कापड टाकतात, ते तिजोरीत ठेवलं की लक्ष्मी येते म्हणे, आणि बहुतेक वेळा ते दोन नरांचं भांडण असतं. लोकांनी भांडणाला शुभ ठरवलं आणि खऱ्या मीलनाकडे लक्षच गेलं नाही, ते जमिनीलगत, शांत, झाडोऱ्यात चालू असतं.

आता ज्यांच्याकडे ना अंग ना रंग त्यांनी काय करायचं. यावर जगात फार सुंदर कामं झालीत. कॅलिफोर्नियातला एक छोटा सरडा आहे, युटा, त्याच्या नरांचे तीन प्रकार. केशरी गळ्याचा दांडगा, मोठी हद्द, अनेक माद्या. निळ्या गळ्याचा, लहान हद्द पण आपल्या मादीवर पहारा. आणि पिवळ्या पट्ट्याचा, तो मादीसारखा दिसतो, वागतो पण तसाच, त्यामुळे दांडग्याच्या हद्दीत घुसतो आणि त्याच्या नाकाखालून काम करून जातो. केशरी निळ्याला हरवतो, निळा पहारा देतो म्हणून पिवळ्याला हरवतो, आणि पिवळा केशरीला फसवतो. दगड-कागद-कात्री. १९९६ मध्ये सिनर्व्हो आणि लाइव्हली यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं आणि तेव्हापासून ते सगळ्या पुस्तकांत आहे. गलापागोसच्या समुद्री इग्वानाचं तर अजून पुढचं, तिथे मोठे नर लहान नराला मध्येच मादीवरून ओढून काढतात, नेमकं वीर्य बाहेर यायला ३ मिनिटांच्या आसपास लागतात आणि तेवढा वेळ लहान नराला मिळतच नाही, मग तो आधीच वीर्य तयार करून बाहेर आणून ठेवतो आणि संधी मिळाली की लगेच देऊन टाकतो. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावर हशा होतो, होऊ द्या, पण उत्क्रांती म्हणजे फक्त बलवान जिंकतो असं नाही हे त्या हशातून डोक्यात बसतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, दोन इंद्रियं का. त्याला हेमिपेनिस म्हणतात. सरडे आणि साप दोघांत असतात. एकेक स्वतंत्र असतं आणि शेपटीच्या मुळाशी आत, मोजा उलटा करून ठेवावा तसं दुमडलेलं असतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही, फक्त नराची शेपूट बुडाशी जरा जाड वाटते. वापरायच्या वेळी रक्त आणि स्नायूंच्या जोरावर उलगडून बाहेर येतं, एका वेळी एकच. मधून नळी नसते, बाहेरच्या बाजूने एक खाच असते, त्यातून वीर्य जातं.

दोन का याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या पातळीवरची, गल्लत करू नकोस. एक म्हणजे बनतं कसं. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामात दिसलं की सरडे-सापांच्या गर्भात हे इंद्रिय मागच्या पायांच्या अंकुराजवळच्या पेशींमधून तयार होतं, उंदरात मात्र शेपटीच्या अंकुराजवळून. पाय दोन, म्हणून अंकुर दोन, म्हणून इंद्रियं दोन. सस्तन प्राण्यांत आणि कासव-मगरीत एकच होतं. न्यूझीलंडचा तुआतारा तर सरड्यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक, त्याला मोठेपणी एकही नसतं, पण त्याच्या गर्भात जोडीचे फुगवटे उठतात आणि नंतर विरतात. दुसरं उत्तर म्हणजे दोन असून फायदा काय. डाव्या वृषणाचा संबंध डाव्याशी, उजव्याचा उजव्याशी. अ‍ॅनोल नावाच्या अमेरिकन सरड्यांत बघितलं तर नर लागोपाठ मीलन करताना बाजू बदलतो, एकदा डावं, एकदा उजवं, कारण एका बाजूचा साठा रिकामा झाला तर दुसऱ्या बाजूचा भरलेला असतो आणि जास्त शुक्राणू देता येतात. थोडक्यात, दोन असणं हे पायांच्या अंकुरामुळे आलं, आणि आलंय तर वापर पण झाला.

आकाराचं तर विचारूच नको. काहींना काटे, काहींना कप्पे, झालरी, दोन फाटे, आणि घोरपडीच्या गटात टोकाशी हाडासारखे टणक भाग असतात. ज्या जाती बाहेरून बघून एकसारख्या दिसतात त्या हेमिपेनिसवरून वेगळ्या ओळखतात, वर्गीकरणवाल्यांचा हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. २०१५ मध्ये अ‍ॅनोल सरड्यांवर तुलना झाली तेव्हा निघालं की हेमिपेनिसची मापं शरीराच्या बाकीच्या मापांपेक्षा सरासरी सहापट वेगाने बदललीत. पाय, डोकं, गळपिशवी, कुणीच एवढ्या वेगाने बदललं नाही. जो भाग आपल्याला दिसतच नाही त्याच्यावर निवडीचा दाब सगळ्यात जास्त. का, तर खरी स्पर्धा मीलन झाल्यावर पण चालू राहते.

हा मुद्दा नीट समजून घे, कारण तुझ्या पुस्तकात नसेल. सरडीण एका हंगामात एकापेक्षा जास्त नरांशी जोडी करते आणि शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, अ‍ॅनोलमध्ये तर कित्येक महिने. त्यामुळे एकाच खड्ड्यातल्या अंड्यांचे बाप दोन-तीन असू शकतात, आणि हे अपवाद नाही, सरड्यांत नेहमीचं आहे. मग ज्याने लाल डोकं करून कुंपण जिंकलं त्याची पिल्लं जास्त होतीलच असं नाही. आत परत एक रांग लागते, कुणाचे शुक्राणू जास्त, कुणाचे जिवंत जास्त, कोण आधी, कोण नंतर. म्हणून ज्या जातींत अशी स्पर्धा कडक तिथे वृषणं मोठी होत जातात. अ‍ॅनोलच्या अनेक जाती एकत्र बघितल्या तेव्हा वृषणाचा आकार शुक्राणूच्या आकारापेक्षा वेगाने बदललेला दिसला, म्हणजे निवडीचा भर मुख्यतः संख्येवर आहे, माल जास्त पाठवा. आणि हे सगळं फुकट नाही बरं का, खाणं कमी मिळालं तर शुक्राणूंवर पण परिणाम होतो. आपल्या नेहमीच्या सरड्याची वृषणं हंगाम संपला की आकसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वाढतात, वर्षभर एवढा मोठा कारखाना चालू ठेवायचा खर्च कोण करणार.

आणि मादी काय नुसती गोदाम आहे का? नाही. स्वीडनमधल्या सँड लिझार्डवर ओल्सन आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात काम केलं. ज्या माद्या जास्त नरांशी जुळल्या त्यांची अंडी जास्त फुटली, पिल्लांत व्यंग कमी. आणि नात्यातला नर आणि नात्याबाहेरचा नर दोघांचे शुक्राणू आत असतील तर नात्याबाहेरच्याची पिल्लं जास्त निघाली. म्हणजे बाहेर निवड झाली नाही तरी आत होते. मादीला "लाजाळू आणि थांबणारी" ठरवून शंभर वर्षं पुस्तकं लिहिली गेली, त्यात बघणाऱ्यांची नजर जास्त होती. २०२२ पर्यंत मादी सापाचं हेमिक्लिटोरिस (मादीचं तसंच जोडीचं इंद्रिय) नीट कुणी मांडलं नव्हतं रे, नराच्या इंद्रियावर ढीगभर चित्रं आणि मादीकडे दुर्लक्ष. घोरपडीच्या माद्यांना पण ते असतं, त्यामुळे शेपटीच्या बुडाशी दाबून "दोन बाहेर आले म्हणजे नर" हा जो धंदा काही सर्पमित्र करतात तो चुकीचा तर आहेच, शिवाय प्राण्याला इजा होते. करू नकोस, कुणी करत असेल तर थांबव.

आता हत्थाजोडी. यात्रेत, देवळाबाहेर, रस्त्याकडेला जडीबुटीवाल्याच्या कपड्यावर दोन जोडलेल्या हातांसारखं काळपट वाळकं काहीतरी ठेवलेलं असतं, शेंदूर, लवंग, कधी चांदीची डबी. सांगतात की दुर्मिळ झाडाचं मूळ आहे, नेपाळहून किंवा मध्य प्रदेशच्या जंगलातून आलंय, घरात ठेवलं की पैसा, कोर्टात जय, वशीकरण. वस्तू आहे वाळवलेलं हेमिपेनिस, घोरपडीचं. वर सांगितलं ना घोरपडीत झालरी आणि टणक टोकं असतात, ती वाळली की बोटांसारखी दिसतात, आणि दोन शेजारी शेजारी म्हणजे दोन हात. जे झाड म्हणून सांगतात ते वाघनखी, ते खरंच आहे, आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागेत, उकिरड्याशेजारी उगवतं, फळाला दोन वाकडी नखं, पण त्याच्या मुळाला हात-बोटं नसतात, उपटून बघ पाहिजे तर. २०१७ मध्ये वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्यूरो आणि परदेशातल्या संशोधकांनी मिळून हा व्यापार उघड केला, प्रयोगशाळेत तपासलं तर घोरपडच, काही नमुने प्लॅस्टिकचे साचे काढलेले. ऑनलाइन दुकानांवर पण बिनधास्त विकत होते तेव्हा. म्हणजे काकांना एकतर बेकायदेशीर वस्तू मिळाली किंवा प्लॅस्टिक, तिसरा पर्याय नाही.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत त्याच यादीत. मारणं, विकणं, विकत घेणं, तिचा अवयव घरात ठेवणं, सगळा गुन्हा. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं ते ७ वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. "मला माहीत नव्हतं, मी मूळ समजून घेतलं" हे कोर्टात किती चालेल ते वकील सांगेल, मी सांगत नाही. आणि मारतात कसं ते काकांना सांग, श्रद्धा असलेल्या माणसाला कायद्यापेक्षा हे जास्त लागतं. अवयव बाहेर यावा म्हणून काही ठिकाणी घोरपडीला जिवंतपणी विस्तवावर धरतात. नर असेल तरच ते मिळतं, आणि विणीच्या हंगामात नर मादी शोधत, कुस्त्या खेळत उघड्यावर फिरतो, म्हणजे सापडतो पण तोच. उत्क्रांतीने त्याला ज्या कारणाने बाहेर काढलं त्याच कारणाने तो मरतो.

याच दुकानाच्या शेजारी सांड्याचं तेल पण असतं, मर्दानी ताकदीचं. तो सांडा म्हणजे गुजरात-राजस्थानच्या वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा, शाकाहारी बिचारा, आपल्या खान्देशात नसतो. त्याची चरबी तापवून जे निघतं ते चरबीच, त्यात कुठलं हार्मोन माणसाच्या कातडीतून आत जाऊन काही करत नाही. त्याला पण कायद्याचं संरक्षण आहे. सरड्याचं वृषण स्वतः वर्षातले अर्धे महिने आकसलेलं असतं आणि लोक त्याच्या चरबीतून बारमाही ताकद शोधतात.

तुला खरंच बघायचं असेल तर मे अखेर ते जुलै, सकाळी ऊन कोवळं असताना, आठ ते साडेदहा. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा दुपारी एकही नर जोर मारत नाही, सावलीत पडून असतात. बागेतला तुझा तो लाल नर ओळखून ठेव, शेपटी तुटलेली असेल, डाग असेल, त्यावरून. रोज कुठल्या खांबावर बसतो, किती वेळा जोर मारतो, कोण आलं की काय करतो, मादी जवळून गेली तर जोर मारण्याची पद्धत बदलते का, वहीत लिही, मोबाइलवर व्हिडिओ घे लांबून. पकडू नकोस, पकडलं की रंग जातो आणि वागणं बदलतं, मग तू जे बघशील ते सरड्याचं नेहमीचं वागणं नसून त्याला वाटलेल्या तुझ्या भीतीचं असेल. मादी खड्डा करताना दिसली तर जागेवर खूण कर, ठिबकची नळी आणि कोळपणी त्या जागेपासून जरा लांब ठेव, साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात. यावल, पाल, पाटणादेवी या बाजूला गेलास तर घोरपड पण दिसेल, तिथे परवानगी घेऊनच जा.

काकांची डबी फेकू नका, जाळू नका आणि परत विकायला तर अजिबात जाऊ नका. १९२६ ही वन विभागाची हेल्पलाइन आहे, तिथे किंवा तुमच्या रेंज ऑफिसला फोन करून वस्तू स्वतःहून जमा करायची आहे असं सांगा, कुठून घेतली, विकणारा कसा होता, कुठल्या दिवशी, हे काकांकडून आधीच लिहून घे. ओळखीचा वकील असेल तर जाण्याआधी त्याच्याशी एकदा बोला. विकणाऱ्याचा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये यात्रेच्या फोटोंत मागे आला असेल तर तो पण जपून ठेवा, फॉरेस्टवाल्यांना मूळ गिऱ्हाईक नको असतं, विक्रेता आणि त्याच्या मागचा पकडणारा पाहिजे असतो.